पोटाच्या खणातलं प्रकरण

३ जानेवारी

ताई,

वाकून नमस्कार नाही, कारण डॉक्टरांनी वाकायला मनाई केली आहे. बसूनच केला, गोड मानून घे.

गेले काही मंगळवार तू खिडकीत उभी राहिली असशील आणि माझी गाडी हॉर्न न वाजवताच तुझ्या घराखालून निघून गेली असेल. भाऊ शेफारला, असं म्हणाली असशील. तसं नाही गं. गाडीवर मी नव्हतोच. डिसेंबरात डेपोमध्ये गाडी लावून उतरलो आणि छातीत अशी कळ आली की चाकाला टेकून खालीच बसलो. मग हॉस्पिटल, नळ्या, मशीन, सगळं झालं. रक्तवाहिनीत एक बारीकशी जाळी बसवली आहे. आता बरा आहे. तुला कळवायचं नाही असं मीच तुझ्या भावजयीला बजावलं होतं, तेव्हा तिला काही बोलू नकोस. फोन केला असता, पण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडायची परवानगी नाही.

खरं दुखणं पुढेच आहे. मला गाडीवरून उतरवलं. एप्रिलच्या सुरुवातीला डेपोच्या डॉक्टरांची तपासणी आहे. वजन, रक्तदाब, हृदय, सगळं त्यांच्या मनासारखं निघालं तर स्टेअरिंग परत हातात. नाहीतर निवृत्त होईपर्यंत हरवलेल्या सामानाची खिडकी. सध्या तिथेच बसवलंय. लोक बसमध्ये काय काय विसरतात म्हणून सांगू! छत्र्या, एकाच पायाचे बूट, एक कवळी. कवळी न्यायला अजून कोणी आलं नाही. तो माणूस जेवतो कसा, हे मला कोडं आहे.

ताई, हसतोय खरा. पण रोज सकाळी माझी गाडी दुसरा कोणी फाटकाबाहेर काढतो ना, तेव्हा मी मुद्दाम छत्र्या आवरत बसतो, म्हणजे बघावं लागत नाही. लहानपणी तोंडाने भों भों करत घरभर गाडी पळवायचो म्हणून तूच मला भोपू म्हणायला लागलीस. गाडीच गेली तर या भोपूत उरलं काय?

वजन उतरवा, खाणं सुधारा, शांत राहा, असं डॉक्टर म्हणाले. ते कसं करायचं हे सांगेपर्यंत पुढचा पेशंट आत आला. तुझ्याकडे या विषयाची भिंतभर पुस्तकं आहेत. काहीतरी सुचव.

तुझा
भोपू


९ जानेवारी

भोपू,

आधी दोन शिव्या, मग आशीर्वाद. गाढवा! मठ्ठा! तुझ्या छातीत जाळ्या बसवतात आणि मी इथे खिडकीत उभी राहून बदली ड्रायव्हरला हात करते? तो बिचारा दचकून दुसरीकडे बघायचा. आता आशीर्वाद: खडखडीत बरा हो.

आणि रडायचं नाही. तो कवळीवाला दातांशिवाय जगतोय, तू जाळीसकट जगशील. एप्रिलमध्ये तुला त्या खिडकीतून उठवून गाडीवर नाही बसवलं तर मला ताई म्हणू नकोस.

माझ्या या वाचनाला तू नेहमी हसत आलास. अरे, तुझे भाऊजी गेले तेव्हा लोकांनी मला कादंबऱ्या आणून दिल्या. दोन वाचल्या, दोन्हींत शेवटी माणसं मेली. आरोग्याच्या पुस्तकात कोणी मरत नाही. पहिल्या पानावर जिना चढताना धापा टाकणारा माणूस शेवटच्या पानावर डोंगरमाथ्यावर उभा असतो. तेव्हापासून मला दुसरं काही वाचवतच नाही.

पण अख्खं पुस्तक पाठवणार नाही. पोस्टाच्या पार्सल-खिडकीत जन्म काढलेली बाई मी. पार्सल गोदामागोदामांत लोळत पडतं, पत्र धावतं. तेव्हा मी ब्लेडने प्रकरणं सुटी करते, काट्यावर तोलते आणि पत्राच्या वजनात बसेल तेवढंच पाठवते. मुखपृष्ठ, प्रस्तावना, आभार, लेखकाचा फोटो, हे सगळं ओझं आधीच काढून टाकलं आहे. निवृत्त होताना मी ऑफिसातली मोडीत निघालेली टपालाची खणांची फळी घरी आणली होती, ती आता कामाला लागली. एकेका खणावर चिठ्ठी लावली: पोट, झोप, श्वास, चालणं, मन. प्रकरण सुटं झालं की ज्याच्या त्याच्या खणात. सोबत पहिला हप्ता. दर आठवड्याला येत राहील.

गोळ्या मात्र डॉक्टरांच्याच आणि वेळच्या वेळी. त्यात माझी पुस्तकंही नकोत आणि तुझं डोकंही नको.

मी मजेत आहे. रोज संध्याकाळी बागेत फेऱ्या मारते. 'चालणं' या खणाचं सार्थक चाललंय म्हण ना!

तुझी
ताई


६ फेब्रुवारी

ताई,

तुझी पाकिटं येऊन पोचतात आणि घरात रोज नवीन कायदा लागू होतो. सोमवारच्या प्रकरणात लिहिलं होतं, दुपारपर्यंत तोंडात काही घालू नका. गुरुवारच्या प्रकरणात लिहिलं होतं, डोळे उघडल्याबरोबर खा. एक म्हणतो दूध म्हणजे विष, दुसरा म्हणतो दूधच प्या. तुझी भावजय म्हणाली, "या सगळ्यांना आधी एका खोलीत कोंडा, त्यांचं एकमत झालं की मला बोलवा, मग स्वयंपाक करते."

शेवटी मी ठरवलं, जे प्रकरण वाचून जिवाला बरं वाटेल तेच धरायचं. आणि ते सापडलं! तुझ्या पोटाच्या खणातली ती पिवळ्या पानांची प्रकरणं. काय प्रेमळ माणूस आहे गं लिहिणारा! बाकीचे सगळे अंगावर ओरडतात. हा म्हणतो, थोडं थोडं खा, पण पुन्हा पुन्हा खा. फळं खा. मीठ कमी करा. डाव्या कुशीवर झोपा. जड उचलू नका. घाईघाईने उठू नका. संध्याकाळी सावकाश फिरा, दमलात तर बसा, त्यात लाज कसली? एका ठिकाणी तर म्हणतो, पोट दिसायला लागलं म्हणून वाईट वाटून घेऊ नका, आरशासमोर अभिमानाने उभे राहा. मी उभा राहिलो. इतक्या वर्षांत माझ्या पोटाबद्दल कोणी चांगलं बोललं नव्हतं, ताई. डोळ्यांत पाणी आलं.

उंच टाचांच्या चपला टाळा, असंही लिहिलंय. मी कधी घातल्या नव्हत्या, पण आता घालणारही नाही.

आणि सगळ्यात गुणकारी म्हणजे सकाळच्या गप्पा. पोटावर दोन्ही हात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि हळू आवाजात बोलायचं. "त्याला तुमचा आवाज कळतो," असं लिहिलंय. पहिल्या दिवशी काय बोलावं सुचेना. मग मी त्याला मंगळवारचा रस्ता सांगायला लागलो. आता फाटकाबाहेर पडलो, आता पूल आला, आता ताईची खिडकी, आता तो मोठा उतार, ब्रेकवर पाय. उतार संपेपर्यंत श्वास असा शांत होतो की काय सांगू! तुझ्या भावजयीने दाराआडून बघितलं आणि सरळ तिच्या आईला फोन लावला. लावू दे.

काल मधली तपासणी होती. वजन बरंच उतरलंय, रक्तदाब शहाण्या मुलासारखा जागेवर. डॉक्टर म्हणाले, "छान! काय करताय?" मी म्हटलं, "ताईचं पुस्तक." त्या लेखकाचं नाव मात्र कळव. त्याला पत्र लिहायचं आहे.

तुझा
भोपू


१२ फेब्रुवारी

भोपू,

तुझं पत्र वाचून मी खुर्चीत बसले, उठले, पाणी प्यायले, पुन्हा वाचलं आणि मग एकटीच इतकी हसले की खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई शिवण टाकून वर धावत आल्या.

मन घट्ट कर. लेखक नाही, लेखिका आहे. ती सुईण होती. आणि ते पुस्तक गरोदर बायकांसाठी आहे.

बाबा रे, चूक माझीच. मुखपृष्ठ काढून टाकलेलं, प्रकरणं सुटी झालेली, हातात आलं ते पान पोटाचं. मी सवयीने पोटाच्या खणात सारलं. पोस्टात इतकी वर्षं एकही पाकीट चुकीच्या खणात गेलं नाही आणि गेलं तेव्हा असं गेलं! म्हणजे महिनाभर माझा हा मिशीवाला भाऊ पोटावर हात ठेवून बाळाला बसचा रस्ता शिकवतोय!

आता विचारशील, हे पुस्तक माझ्याकडे कसं. विचारायला नको, सांगतेच. ते माझं मीच घेतलं होतं, लग्नानंतर दुसऱ्या वर्षी. तू तेव्हा शाळेत होतास, तुला कोणी काही सांगितलं नाही. मूल राहिलं नाही, पुस्तक राहिलं. फेकवलं नाही आणि उघडवलंही नाही. ब्लेड लावलं तेव्हाही मजकुराकडे न बघताच लावलं, म्हणून तर हा घोळ झाला.

पण भोपू, एक सांगू? तुझं पत्र आल्यापासून मला त्या पुस्तकाचं दुःख होत नाहीये. इतकी वर्षं ते बिनकामाचं पडून होतं. शेवटी त्याने कोणाचा तरी जीव सांभाळलाच ना! आणि तो तुझा. आता लपवायचं काय राहिलं? उरलेली प्रकरणंही पाठवते. पण डॉक्टरांना खरं काय ते सांग आणि ते नको म्हणाले तर लगेच थांब.

तुझी
ताई


२० फेब्रुवारी

ताई,

सांगितलं. डॉक्टर आधी गंभीर झाले. मग त्यांनी ती पिवळी पानं मागून घेतली, चष्मा चढवला, वाचली आणि टेबलावर डोकं टेकून हसले. बाहेर थांबलेले पेशंट आत डोकावायला लागले. मग म्हणाले, "यात तुम्हाला अपाय होईल असं काही नाही. कमी मीठ, थोडं खाणं, चालणं, शांत झोप. मीही हेच सांगितलं असतं, पण तुम्ही माझं ऐकलं नसतं. चालू द्या. फक्त शेवटच्या प्रकरणापर्यंत जाऊ नका."

तुझ्या भावजयीला कळल्यापासून ती मला रोज विचारते, "कितवा महिना?" आणि फळं कापून हातात देते. माझी चैन आहे.

तुझ्या त्या वर्षाबद्दल काय लिहू? मला एवढंच आठवतं की तू काही दिवस माहेरी आली होतीस आणि मी तुझ्यामागे भों भों करत फिरत होतो. तू एकदाही गप्प बस म्हणाली नाहीस. इतर सगळे ओरडायचे.

आमचा कंडक्टर, माझ्या गाडीवरचा, पुढच्या मंगळवारी तुझ्या दारावरून जाणार आहे. त्याच्याबरोबर चालायचे बूट पाठवतोय. रोज बागेत जातेस, त्या जुन्या चपलांनी पाय दुखायचे. भावाची भेट समज. सोळा आणे मऊ आहेत, मी घालून बघितले, पण मला होत नाहीत.

तुझा
भोपू


१ मार्च

भोपू,

बूट अगदी मापात. काल घालून बागेत गेले, हवेत चालल्यासारखं वाटलं. माळीसुद्धा वळून बघत होता. पैसे उडवू नकोस असे. खाण्याकडे लक्ष दे.

घाईत आहे, फिरायला निघाले.

ताई


८ मार्च

ताई,

माळी वळून बघत होता काय? वा!

आमचा कंडक्टर आजारी होता, आज कामावर आला आणि मला सगळं सांगितलं. तो बूट घेऊन तुझ्या जिन्याकडे निघाला तर शिंपीणबाई म्हणाल्या, "वर कशाला जाता? त्या टोपली सोडतील." आणि तिसऱ्या मजल्यावरून दोरीने टोपली खाली आली! चालायचे बूट टोपलीत बसून वर गेले! शिंपीणबाईंनी हेही सांगितलं की मागच्या थंडीत तू जिन्यात घसरलीस, हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून तू उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलेलं नाहीस. पाव टोपलीने, भाजी टोपलीने, माझी पत्रं टोपलीने.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मी इथे तुझ्या एकेका प्रकरणापायी रोज धडपडतोय, दमलो की मनात म्हणतोय, ताई या वयात फेऱ्या मारते, तुला काय झालं? आणि तू खुर्चीत बसून मला बाग लिहून पाठवतेस! मी जाळी लपवली तर मला गाढव म्हणालीस. आता तुला काय म्हणू ते तूच सांग.

भोपू


१४ मार्च

भोपू,

काय म्हणायचं ते म्हण. तीन वेळा कागद घेतला आणि तीन वेळा फाडला. आधी शिंपीणबाईंशी भांडले, मग टोपलीशी भांडले. भांडायला आणखी कोणी उरलं नाही म्हणून तुला खरं लिहिते.

पाय ठीक आहेत. डॉक्टर घरी येऊन गेले, गुडघे या वयाला शोभतील असे आहेत म्हणाले. दार उघडते, बूट घालते, कठड्याला हात लावते आणि खाली बघितलं की तिथेच थांबते. सगळा जिना माझ्याकडे तोंड वासून बघतोय असं वाटतं. परत येते, दार लावते आणि एखादं पुस्तक उघडते. त्यातला माणूस चालत असतो. त्याच्याबरोबर मीही चालून येते. बागेचं खोटं बोलले म्हणतोस, पण मला ते खोटं वाटतच नव्हतं रे. मी इतक्या वेळा वाचलंय की माझं चालून झालंय.

फक्त मंगळवारी खरं वाटायचं नाही. तू हॉर्न वाजवायचास, लोक चढायचे-उतरायचे, गाडी निघून जायची आणि मी वर. तो तेवढा हॉर्न ऐकू यायचा मला, बाकी सगळं जग मुकं. आता तर तोही नाही.

तुझी तपासणी सोडू नकोस हं माझ्यावरच्या रागापायी. तुझ्या पाया पडते.

ताई


२२ मार्च

ताई,

मोठी बहीण धाकट्याच्या पाया पडते म्हणजे जगबुडी जवळ आली. राग कधीच गेला. राहवलं नाही म्हणून बोललो. मी तुझ्यासारखाच आहे, मलाही खिडकीत बसून नुसतं बघायची भीती वाटते, म्हणून तर एवढा चिडलो.

या पाकिटात तुझंच एक प्रकरण परत पाठवतोय. सुईणबाईंचं शेवटचं. डॉक्टर म्हणाले ते माझ्या कामाचं नाही. मी तरी वाचलं, आणि वाचता वाचता मला तुझा जिना दिसायला लागला. बघ काय लिहिलंय: कळ आली की तिच्याशी भांडू नका. लांब श्वास सोडा. कळ जाते, जातेच. दोन कळांच्या मध्ये विश्रांती घ्या आणि पुढच्या कळेचा विचार करू नका. आणि एकट्या राहू नका, ओरडायला कोणीतरी जवळ हवं.

बायका याच्या जोरावर अख्खी माणसं जगात आणतात. तुला फक्त तीन मजले उतरायचे आहेत. शिंपीणबाईंना बोलव. पायरी म्हणजे कळ, वळणावरचा चौथरा म्हणजे विश्रांती. रोज थोडं. मी करतोय तसं.

माझी तपासणी गुरुवार, तीन एप्रिल. पास झालो तर लगेच पुढच्या मंगळवारी गाडी मिळेल. तोवर पत्र तुझ्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून निकाल तुला हॉर्ननेच कळेल. दोन लांब, एक आखूड. वाजला तर समज भाऊ गाडीवर आहे. नाही वाजला तर खिडकी लावून घे आणि मला लगेच काही लिहू नकोस.

ताई, मला फार भीती वाटते गं.

भोपू


९ एप्रिल

ताई,

काल तू माझ्या मागच्या सीटवर बसून अख्ख्या रस्त्याने बोलत होतीस. तुझ्या डोक्यावर लाल अक्षरांत पाटी होती: चालकाशी बोलू नये. मला उत्तर देता येत नव्हतं, आणि दिलं असतं तरी तुला ऐकू आलं नसतं. म्हणून आता लिहितो.

गुरुवारी मला वायरी चिकटवून फिरत्या पट्ट्यावर चालवलं. पट्टा जोरात धावायला लागला आणि छातीत धडधड वाढली. मला वाटलं, गेली गाडी! मग हात आपोआप पोटावर गेले आणि मी पुटपुटायला लागलो. फाटक, पूल, उतार, ब्रेक. डेपोचे डॉक्टर म्हणाले, "काय बोलताय?" मी म्हटलं, "बाळाला रस्ता सांगतोय." त्यांनी माझ्याकडे बघितलं, मशीनच्या कागदाकडे बघितलं. कागदावरची रेघ अशी एका लयीत चालली होती की ते म्हणाले, "सांगा, सांगा, थांबू नका."

सगळं संपल्यावर त्यांनी शिक्का उचलला, हवेत धरला आणि फोनवर बोलत बसले. ताई, तू आयुष्यभर शिक्के मारलेस. समोरच्या माणसाचा जीव त्या लाकडाच्या ठोकळ्यात कसा अडकतो हे मला तेव्हा कळलं. मग धप्पकन मारला. "गाडी चालवण्यास योग्य". मी तिथेच भों केलं. तोंडाने. दवाखान्यात! सगळे बघत राहिले. बघोत!

हरवलेल्या सामानाची चावी परत केली. आणि ऐक, त्याच दिवशी कवळीवाला आला. म्हणाला, "सापडली का हो?" मी त्याला कडकडून भेटलो. तो घाबरून कवळी खिशात घालून पळाला.

आता कालचं. तुझ्या घराखाली गाडी लावली. दोन लांब, एक आखूड. वर बघितलं तर खिडकी रिकामी! पडदासुद्धा हलेना. पुन्हा वाजवला. पुन्हा वाजवला. मागून एकजण ओरडला, "अहो, वरात आहे का?" कंडक्टर म्हणाला, "वेळ झाली, निघू या." मी म्हटलं, निघणार नाही. कसले कसले विचार आले मनात, ते लिहीत नाही. इंजिन बंद करून वर धावायचं, असं ठरवलंच होतं, तेवढ्यात दारावर टकटक झाली.

चालायचे बूट. त्यांच्यावर तू.

तू कंडक्टरला म्हणालीस, "एक पूर्ण तिकीट, शेवटपर्यंत." आणि माझ्याकडे न बघता, "काय रे, लोकांचा खोळंबा करतोस?" ताई, मला उतार दिसेपर्यंत रस्ता नीट दिसत नव्हता. पण हात स्टेअरिंगवर पक्के होते, काळजी करू नकोस.

परतीच्या फेरीत तुला सोडलं, पण तू जिना कशी चढलीस ते बघायला मला थांबता आलं नाही. आणि उतरलीस कशी, तेही सांग. आणि या वेळी बाग लिहू नकोस, खरं लिही.

तुझा
भोपू, गाडीवरचा


१४ एप्रिल

गाडीवरच्या भोपू,

खरं लिहिते.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी शिंपीणबाईंना वर बोलावलं आणि सुईणबाईंचं प्रकरण त्यांच्या हातात दिलं. त्या तीन लेकरांची आई, त्यांना वाचायची गरज नव्हती. म्हणाल्या, "चला." पहिल्या दिवशी दोन पायऱ्या. तिसऱ्या पायरीवर मी कठडा असा धरला की त्यांना माझी बोटं एकेक करून सोडवावी लागली. परत वर. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग पहिल्या चौथऱ्यापर्यंत. तिथे त्यांनी स्टूल आणून ठेवलं होतं, बसले, रडले, वर आले. असं करत पहिल्या मजल्यापर्यंत पोचले, पण तिथेच अडकले. तिथून खाली रस्त्याचा उजेड दिसतो ना, तो दिसला की पाय दगड व्हायचे.

मंगळवारी सकाळी मनाशी म्हटलं, निकाल खिडकीतून ऐकायचा नाही. बरा असो, वाईट असो, खाली उभं राहून ऐकायचा. वाईट असला तर तू कोणा दुसऱ्याच्या गाडीत मागे बसून येशील, असंही वाटलं होतं मला. मग तुला पहिल्या मजल्याच्या उंचीवरून कसं समजावू?

निघाले. शिंपीणबाई पुढे, उलट्या चालत, "हं, श्वास सोडा! सोडा! शाब्बास! आता आराम!" सगळ्या मजल्यांवरची दारं उघडली. दुसऱ्या मजल्यावरचे म्हातारे विचारत होते, कोणाला दवाखान्यात न्यायचंय का? पहिल्या मजल्यावर आले, उजेड दिसला आणि पाय थांबले. शिंपीणबाई म्हणाल्या, "कळ आहे, जाईल." मी म्हटलं, "नाही जात."

आणि तेव्हा वाजला. दोन लांब, एक आखूड.

भोपू, मला शिंपीणबाईंचं निम्मं बोलणं ऐकू येत नाही, पण तो हॉर्न मला टाळूपासून टाचेपर्यंत ऐकू आला. मी मोठ्याने ओरडले, काय ओरडले ते आठवत नाही. कठडा सोडला. तू दुसऱ्यांदा वाजवलास तेव्हा अर्ध्यात होते, तिसऱ्यांदा वाजवलास तेव्हा जमिनीवर! शिंपीणबाईंनी घाम पुसला आणि विचारलं, "काय झालं हो, मुलगा की मुलगी?"

मी म्हटलं, "भाऊ झाला! आणि गाडी घेऊन दारात उभा आहे."

जाताना तुला पाठमोरं बघत होते. तुझी मान, तुझे खांदे, तो मोठा उतार आला तेव्हा ब्रेकवर हळूच गेलेला पाय. माझा भाऊ एवढी मोठी गाडी, एवढी माणसं, फुलासारखी उतारावरून खाली आणतो, हे मी इतक्या वर्षांत कधी आतून बघितलंच नव्हतं. अभिमानाने नुसतं भरून आलं. म्हणून तर तोंड बंद होईना. पाटी मी वाचली होती हो, पोस्टातली आहे मी. पण ती पाटी परक्यांसाठी असते.

चढताना चारदा बसले, घरी पोचले, बूट काढले नाहीत, तशीच खुर्चीत झोपले. दुसऱ्या दिवशी बागेत गेले. माळी खरोखरच आहे तिथे आणि त्याने वळून काही बघितलं नाही, आपलं पाणी घालत होता. बाग मी लिहिली होती त्यापेक्षा लहान आहे. बाकं जास्त आहेत, ते बरंच झालं.

टोपली शिंपीणबाईंना दिली, त्यांनी तिच्यात रिळं ठेवलीत. सुईणबाईंची उरलेली प्रकरणं परत पाठव, सगळी. दोरा घालून पुन्हा पुस्तक शिवणार आहे. त्याला मात्र कुठल्याच खणात ठेवायचं नाही, उशाशी ठेवायचं ठरवलंय.

आणि एक. यापुढे मंगळवारी माझ्या घराखाली हॉर्न वाजवू नकोस, उगाच लोकांची झोपमोड. मी आधीच खाली उभी असेन.

तुझी
ताई